पिवळ्या कार्डावरचा शिक्का

६ मे, अल्फारेटा, यूएसए

आलो बाप्पा एकदाचे घरी. पेरूचं प्रवासवर्णन इथे संपवतो. माचू पिचूची चढण, जंगलातल्या लॉजमधली माकडं, उल्हासची नदीत पडलेली चप्पल, सगळं मागच्या पानांवर आलंच आहे. गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमात वाचून दाखवीन म्हणतो. लोक झोपले तर झोपोत.

शोभा आल्या आल्या वॉशिंग मशीनला भिडली. म्हटलं, अगं, जरा टेक. तर म्हणे, "शुक्रवारी पुन्हा निघायचंय नागपूरला, हे कपडे काय शेजारी धुवून देणार?" सोळा तारखेला तिच्या भाचीचं, हिमानीचं लग्न. शोभा, मी, तिची मावसबहीण सुहासिनी आणि तिचा नवरा उल्हास. चौघं पेरूला गेलो, चौघंच लग्नाला चाललो.

पासपोर्टांच्या फोल्डरमध्ये चार पिवळी कार्डंही नीट लावली. पेरूहून निघाल्यावर सहा दिवसांच्या आत भारतात उतरायचं तर यलो फीव्हरची लस घेतल्याचं हे कार्ड दाखवावं लागतं. नसेल तर विमानतळावरूनच थेट क्वारंटाइनमध्ये. माझी लस खरी आहे, २००९ साली केनियाच्या मेडिकल कॅम्पला गेलो तेव्हाची. ती जन्मभर पुरते. बाकी तिघांच्या कार्डांवर मीच सही केली आणि मीच शिक्का मारला. रिटायर झालो तेव्हा क्लिनिकचं सगळं देऊन टाकलं, हा राज्याने दिलेला शिक्का तेवढा परत करायचा राहिला होता. तिळगुळाच्या डब्यात पडून होता. शाई सुकली होती, थोडं पाणी लावावं लागलं.

(हा परिच्छेद मंडळात वाचायचा नाही.)

साठीनंतर ही लस सरसकट टोचू नये असंच पुस्तकात आहे. जिवंत विषाणूची लस, क्वचित अंगावर येते. लस नको असं डॉक्टरचं पत्र घेऊन गेलं तरी भारतात ते क्वारंटाइन काही चुकवत नाहीत. मग काय करणार? जंगलात चारच दिवस, पूर्ण बाह्या, डासांचं क्रीम मी स्वतः चोपडत होतो सगळ्यांना. सदतीस वर्षं प्रॅक्टिस केली, एवढा निर्णय घ्यायला मला कुणाला विचारायची गरज नाही. शोभाने तेव्हा विचारलं होतं, "अहो, पण मला टोचलं कुठे?" म्हटलं, "मी आहे ना." चव्वेचाळीस वर्षं आमचा संसार तेवढ्यावर चाललाय.

८ मे

शोभाला सकाळपासून ताप. १०२.८. डोकं, कंबर, पोटऱ्या, सगळं दुखतंय म्हणते. डोळे लाल. विमानात शेजारचा माणूस लिमापासून अटलांटापर्यंत खोकत होता, त्याचाच प्रसाद. फ्लू. तिच्या गुडघ्यांसाठी नॅप्रोक्सेन घरात असतंच, सकाळ-संध्याकाळ एकेक सुरू केली.

दुपारी वरच्या कपाटातून मच्छरदाणी काढली. ऋताच्या जन्माच्या वेळी सासूबाईंनी अकोल्याहून पाठवलेली. अमेरिकेत मच्छरदाणी! तेव्हा हसलो होतो. पलंगाला दांडे नाहीत, म्हणून दोन कोपरे पडद्याच्या रॉडला बांधले आणि दोन उभ्या दिव्यांना. शोभा तापातही हसली, म्हणाली, "बाळंतीण केलीत माझी." मे महिना आहे, जॉर्जियात डास सुरू झालेत, आजारी माणसाला आणखी त्रास कशाला, एवढंच.

डेकवरच्या कुंड्यांखालच्या बशांमधलं पाणीही ओतून टाकलं. बरेच दिवस करायचं होतं ते.

९ मे

उल्हास-सुहासिनी निघाले. आमची तिकिटं पुढे ढकलली. सुहासिनी शोभाला भेटायला येते म्हणत होती, मी फोनवरच नको म्हटलं, फ्लू लागायचा तिला. शोभा मच्छरदाणीत पडल्या पडल्या रडली. मेंदी चुकणार म्हणे. सत्तरीला आलेली बाई आणि मेंदीसाठी रडते!

ताप १०३.२. नाडी ६४. बोटाला लावायचं यंत्र बिघडलं असेल म्हणून मनगट धरून मोजली. ६२. पुन्हा मोजली. ६२.

नागपूरला मेडिकलला असताना आमच्या सरांनी वॉर्डात सगळ्यांसमोर मला उभं केलं होतं. ताप चढतोय आणि नाडी मात्र चढत नाही, सांग देवपुजारी, काय काय असू शकतं? मी फाडफाड तीन नावं सांगितली होती. पहिलं टायफॉइड. बाकीची दोन आज काही केल्या आठवत नाहीत. वय झालं.

१० मे

उल्हासचा नागपूरहून फोन. "डॉक्टर, तुझा शिक्का पावला रे!" अधिकाऱ्याने कार्ड दोनदा उलटंपालटं केलं आणि विचारलं, लस कुठे घेतली? हा पठ्ठ्या म्हणाला, आमच्या घरच्या डॉक्टरकडे. "खोटं कुठे बोललो यार?" म्हणून खिदळत होता. मीही हसलो.

शोभाने दिवसभरात दोन घोट ताक घेतलं. तेही पोटात ठरलं नाही.

११ मे, रविवार

ताप उतरला! ९८.९. सकाळी आपण होऊन उठून बसली आणि म्हणाली, पिठलं-भात खावासा वाटतोय. मीच केलं. गुठळ्या झाल्या. तिने चार घास खाल्ले, गुठळ्या बाजूला काढून ठेवल्या आणि म्हणाली, "छान झालंय." म्हटलं होतं ना, फ्लू. तेरा तारखेची तिकिटं काढली. हळद सापडेल, लग्न सापडेल.

मदर्स डे म्हणून ऋता आली फुलं घेऊन. आमची एकुलती एक, इथून वीस मिनिटांवर राहते, हायस्कूलमध्ये केमिस्ट्री शिकवते. दारातच थबकली.

"बाबा, व्हाय इज आई इन अ टेंट?"

"डास."

"घरात? विंडोज क्लोज्ड, एसी चालू आहे."

"सवय म्हणून बांधली गं," म्हटलं. ती मच्छरदाणीकडे बघत राहिली. शाळेतल्या पोरांच्या उत्तरपत्रिकाही अशाच बघत असणार.

ती गेल्यावर शोभा म्हणाली, आता काढा ही, बरं वाटतंय मला. म्हटलं, राहू दे दोन दिवस.

१२ मे

पहाटेपासून ओकाऱ्या. बेसिनमध्ये बघितलं. काळं, कॉफीचा चोथा असतो तसं. ताप परत १०२. पडदा सरकवला, तिला खिडकीकडे वळवलं आणि खालची पापणी ओढली. डोळे पिवळे.

पलंगाच्या कडेवर बसून राहिलो. किती वेळ ते माहीत नाही. शोभाच म्हणाली, "अहो, ऋताला फोन करता का?"

हॉस्पिटलात ड्यूटीवर नेमकी प्रीता. ही इथेच जन्मलेली, इथेच वाढलेली, मंडळात माझ्या डोळ्यांसमोर मोठी झाली. मेडिकल स्कूलला जाताना शिफारसपत्र मी दिलं होतं. आता डॉक्टर. धावतच आली. "सुमंतकाका, डोंट वरी, आय हॅव हर." मला भरूनच आलं.

कुठे प्रवास केला, कधी परत आलात, सगळं विचारलं. ऋताने ते फोल्डर पुढे केलं. प्रीताने पिवळं कार्ड उघडलं, बघितलं आणि हसली. "ओह, काका, तुमचीच सही! ओके, तर यलो फीव्हर ऑफ द लिस्ट." घरी कुठली औषधं दिली विचारलं. टायलेनॉल, म्हणजे आपलं क्रोसिन, म्हटलं. तेही दिलं होतंच एकदा.

मग पद्धत म्हणून शोभालाही विचारलं, "काकू, यलो फीव्हरची लस घेतली होती ना तुम्ही?"

शोभाने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "हो. यांनीच दिली."

बरं झालं. मला धाकधूक होती की तापाच्या भरात काहीतरी बोलून बसते की काय.

१३ मे

डेंग्यू! डेंग्यूची रक्तचाचणी पॉझिटिव्ह आली. जरा फिकी आहे, पण पॉझिटिव्ह. नर्सचा हात धरून थँक्यू म्हणालो. बिचारीला कळेना मी कशाबद्दल एवढा खूश झालोय. डेंग्यू होऊ शकतो ना, तेच जंगल, तेच डास.

शोभाला २०११ साली अकोल्याला डेंग्यू होऊन गेलाय, त्याची खूण रक्तात राहते. आणि ही चाचणी विषाणूंच्या सख्ख्या भावंडांमध्ये गल्लत करते, हेही मला माहीत आहे. प्रीतालाही असणार. ती दुसऱ्या भावंडाची चाचणीही मागवू शकेल. पण लस घेतलेल्या माणसात ती चाचणी तशीही पॉझिटिव्ह येते, तिचा काय उपयोग? मग कशाला मागवेल? कार्ड आहे ना.

दुपारी शोभाची लघवी कमी झाली. हिरड्यांतून थोडं रक्त. डेंग्यूतही येतं.

१४ मे

काल लिहिलेलं आज वाचवत नाही.

लिव्हरचे आकडे पाच हजारांच्या वर गेले. रक्त गोठायला दुपटीहून जास्त वेळ लागतोय, प्लेटलेट्स एकेचाळीस हजार, लघवीत प्रोटीन. शोभा हाक मारली की डोळे उघडते आणि लगेच मिटते. लिव्हरचे स्पेशालिस्ट येऊन गेले. म्हणाले, डेंग्यूत लिव्हर एवढं बिघडत नाही, हे दुसरंच काहीतरी आहे. बायोप्सी करू. उद्या सकाळी दहाला. गळ्याच्या शिरेतून आत जाऊन तुकडा काढतात, त्यातल्या त्यात सुरक्षित असतं म्हणे.

लिहितो. इथे तरी लिहितो. शोभाला यलो फीव्हर झालाय. आठ तारखेला डोळे लाल दिसले तेव्हा एकदा मनात आलं होतं. नाडी मोजली तेव्हा पक्कं आलं होतं. सरांना सांगितलेलं दुसरं नाव तेच होतं. मधे एक दिवस ताप उतरतो, माणूस पिठलं-भात मागतो, घरचे सुटकेचा श्वास सोडतात आणि मग तो उलटतो. परीक्षेत यावर टीप लिहून मार्क मिळवलेत मी. आणि मी तिकिटं काढत होतो.

या तापात लिव्हरमध्ये सुई घालायची नसते. कुठल्याही वाटेने घाला. रक्त थांबत नाही.

मी प्रीताला गाठलं. बायोप्सी नको, दोन दिवस थांबा म्हटलं. ती शांतपणे म्हणाली, "काका, दोन दिवस नाहीयेत आपल्याकडे. गिव्ह मी अ रीझन." माझ्याकडे एकच रीझन आहे. दुसरं एखादं सापडतंय का म्हणून कॅफेटेरियात बसून दोन तास डोकं फोडलं. तिच्या रक्तगटापासून पत्रिकेपर्यंत सगळं आठवून झालं. नाही सापडत.

सांगितलं तर? राज्याचा शिक्का वापरून खोटा दाखला केला, एक नव्हे तीन. लायसन्स तर जाईलच, पोलिसही येतील. मंडळात ज्यांनी मला दरवर्षी आरोग्य शिबिराला खुर्चीवर बसवलं ते काय म्हणतील? प्रीताचे आईवडील? आणि उल्हास-सुहासिनी तिकडे हळदीत, त्यांचं काय? कुठूनही जायला बघतो, वाट नाहीच. खोलीत शोभा, कॉरिडॉरमध्ये प्रीता, पार्किंगमध्ये ऋता. हॉस्पिटलची दारं आपोआप उघडतात आणि मी परत आतच येतो.

उल्हासला फोन केला. मागे सनई-चौघड्याची कॅसेट, बायकांचा गलका. सगळं सांगितलं.  मग आवाज खाली आणून म्हणाला, "सुमंत, वेडा आहेस का? तू तोंड उघडलंस की इथे मांडवात आरोग्य खातं येईल. पोरीच्या लग्नात! आम्ही ठणठणीत आहोत, जंगलातून निघून दहा दिवस होत आले. अमेरिकेतलं हॉस्पिटल आहे, सापडेल त्यांना. तू कशाला सांगायला पाहिजेस?"

सापडेल त्यांना. हे वाक्य मी संध्याकाळपर्यंत घोळवत बसलो. कसं सापडेल? त्यांनी शोधायचं कुठे ते दार मीच लावून घेतलंय.

संध्याकाळी ऋता गाडीपाशी उभी होती. मला बघून आत बसली नाही.

"बाबा, ती नेट. मी वाचलं. हॉस्पिटल्समध्ये पेशंटला नेटमध्ये ठेवतात, सो दॅट पेशंटला चावून डास दुसऱ्यांना चावू नये. आईला डास चावू नये म्हणून नव्हती ना ती?"

मी खिशात किल्ल्या चाचपल्या.

"पॉट्सखालचं पाणी पण टाकलंस, आई म्हणाली होती. यू न्यू. पहिल्या दिवशी. बाबा, आईला खरंच लस दिलीस का?"

"तू दमली आहेस. घरी जा, जरा झोप," म्हटलं.

ती मला "बाबा" म्हणते पण रागावली की नुसतं बघते. तशी बघितली आणि गेली.

१५ मे

सकाळी घरून निघताना तिळगुळाचा डबा उघडला. का ते माहीत नव्हतं. शिक्का खिशात टाकला.

आठ वाजून दहा मिनिटांनी प्रीता फॉर्म घेऊन आली. शोभा शुद्धीत नाही, तेव्हा बायोप्सीची परवानगी तिच्या वतीने मी द्यायची. २०१२ साली आम्ही दोघांनी कागद करून ठेवलेत, वेळ आली तर एकमेकांचे निर्णय एकमेकांनी घ्यायचे म्हणून. प्रीताने पेनही पुढे केलं. "काका, इथे सही."

आयुष्यभर लोकांनी माझ्यापुढे कागद धरले आणि मी सह्या केल्या. शाळेचे फॉर्म, ऑफिसचे फॉर्म, मंडळातल्या निम्म्या लोकांची मेडिकल सर्टिफिकेटं. हात आपोआप पुढे गेला. पेन टेकलंसुद्धा. तिथे एक ठिपका उमटलाय.

मग पेन ठेवलं आणि शिक्का काढून टेबलावर ठेवला.

"प्रीता, तिला लस दिलेली नाही. कार्ड खोटं आहे. मीच केलं. हा शिक्का. हा यलो फीव्हर आहे, सुई घालू नका तिला."

ती शिक्क्याकडे बघत राहिली. म्हटलं, अजून आहे. आठ तारखेपासून मी तिला नॅप्रोक्सेन देत होतो. सात-आठ गोळ्या तरी झाल्या.

"तुम्ही टायलेनॉल म्हणाला होतात."

"हो."

"केव्हापासून माहीत होतं?"

"आठ तारखेपासून."

 मला वाटलं रडते की काय. रडली नाही. फोन उचलून बायोप्सी कॅन्सल केली, लिव्हरच्या डॉक्टरांना बोलावलं, रक्त अटलांटाच्या मोठ्या लॅबला लगेच पाठवायला सांगितलं. साऱ्या देशाचे हे असले नमुने तपासणारी लॅब आमच्या घरापासून पाऊण तासावर आहे. मी त्या रस्त्याने भाजी आणायला जातो.

सगळं झाल्यावर प्रीता माझ्याकडे वळली. "डॉक्टर देवपुजारी, यू नीड टू वेट आउटसाइड."

काका नाही म्हणाली.

१६ मे

हिमानीचं लग्न. कुणीतरी व्हिडिओ पाठवला, उघडला नाही.

उल्हासचा मेसेज आला. आरोग्य खात्याचे लोक आज सकाळी हॉलवर आले, सगळ्यांसमोर दोघांना बाजूला बसवून रक्त घेतलं. "आजपासून तुझा-माझा संबंध संपला." त्याखाली तासाभराने सुहासिनीचा एक ओळीचा मेसेज, "शोभी कशी आहे?" उत्तर काय लिहू? शोभीला कालपासून डायलिसिस लावलंय.

या तापाला औषध नाही. मी हे विद्यार्थ्यांना शिकवलंय, तेव्हा ते एक वाक्य होतं. औषध नाही म्हणजे काय ते आता बघतोय. प्लाझ्माच्या पिशव्या, व्हिटॅमिन के, पोटाचं रक्त थांबायला औषध, डायलिसिस, आणि दर तासाला कुणीतरी येऊन बघणं. तिचं शरीर झगडतंय, बाकीचे सगळे तिला धरून आहेत. मला मात्र त्यात काही काम नाही. एरवी मी चार सूचना दिल्या असत्या. खुर्चीवर बसतो.

१७ मे

ऋता शेजारी बसते. माझ्याशी बोलत नाही. दुपारी डबा आणला, दोघांचा. तिने पोळी-भाजी माझ्यापुढे सरकवली आणि आपण उठून खिडकीशी जाऊन खाल्लं.

मला ठाऊक होतं तेच आज ऐकलं, नॅप्रोक्सेनमुळे पोटातला रक्तस्राव नक्कीच वाढला असणार. किती, ते सांगता येत नाही. प्रीताने हे ऋताला सांगितलं, मी मागे उभा होतो.

२१ मे

आकडे उतरले. काल जरासे, आज बरेच. लघवी सुटली. लघवी सुटली म्हणून आयसीयूच्या कॉरिडॉरमध्ये रडलो, कुणी बघितलं असेल तर बघो.

लॅबचा निकाल आला. यलो फीव्हर, यात शंका नाही.

दुपारी शोभाने डोळे उघडले ते मिटले नाहीत. पाणी मागितलं. ओठ ओले केले. मी लगेच सांगून टाकलं, पुन्हा हिंमत होईल न होईल. "शोभा, मी सांगितलं त्यांना. लशीचं."

"कधी?"

"पंधराला."

ती बोटांवर मोजायला लागली. हाताला नळ्या, तरी अंगठा एकेका पेरावर ठेवत. "बारा... तेरा... चौदा..." तिथे थांबली.

"मला वाटलं, प्रीताने विचारलं तेव्हाच तुम्ही सांगाल," म्हणाली. "म्हणून तर तुमच्याकडे बघितलं."

"मग तू हो का म्हणालीस?"

"तुम्ही बोलेचनात. तिच्यासमोर, ऋतासमोर तुम्हाला खोटं कसं पाडायचं?"

घसा सुकला तिचा. मी पुन्हा पाणी लावलं. ती म्हणाली, "मला वाटलं, आज नाही तर उद्या सांगतील. उद्या नाही तर परवा. मग मला काही कळेनासंच झालं."

एवढं बोलून झोपली. मी खुर्ची थोडी मागे घेतली.

२४ मे

राज्याकडून एक बाई आल्या. नाकीडोळी आमच्या कॉलेजच्या मेट्रनसारख्या. शिक्का प्लास्टिकच्या पिशवीत घालून सील केला. किती कार्डं केलीत? तीन. याआधी कधी? नाही. खरंच? खरंच. माझ्याकडे असं बघितलं की मलाच क्षणभर शंका आली. लायसन्स बोर्डाची नोटीस येईल म्हणाल्या, वकील बघून ठेवा.

उल्हास-सुहासिनीचं रक्त स्वच्छ आलं. तेवढं एक देवाने राखलं.

मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला. यंदा शिबिराला तुम्ही विश्रांती घ्या, म्हणाले. फार गोड बोलले.

३० मे

आज शोभाला घरी सोडलं. व्हीलचेअरमधून गाडीपर्यंत, वजन अठरा पौंडांनी कमी. बांगड्या कोपरापर्यंत जातात. डोळ्यांतला पिवळेपणा अजून पुरता गेला नाही, पण नजर तिची आहे.

निघण्याआधी नर्स कागद घेऊन आली. सह्या करायला मी सवयीने हात पुढे केला. शोभा म्हणाली, "थांबा. मला तो दुसरा फॉर्म पण हवाय. शुद्ध नसली तर कुणी ठरवायचं, तो." नर्सने आणून दिला. "चष्मा द्या," म्हणाली मला. दिला. तिने सगळं वाचलं. पाच पानं. इतक्या वर्षांत तिने कुठल्याही कागदाचं दुसरं पान उलटलेलं मी पाहिलं नव्हतं. जिथे अडली तिथे ऋताला विचारलं. मागच्या वेळी माझं नाव लिहिलं होतं त्या रकान्यात तिने ऋताचं नाव लिहिलं, सावकाश, एकेक अक्षर.

मी म्हटलं, "अगं, कशाला? मी आहे ना."

तिने चष्म्यावरून वर बघितलं. आवाजात राग नव्हता, मला राग चालला असता.

"आहात," म्हणाली. "म्हणूनच."

आणि सही केली.

घरी आल्यावर बेडरूममध्ये मच्छरदाणी अजून तशीच लटकत होती. काढून घडी केली. शोभा आता झोपली आहे, ऋता तिच्याजवळ आहे. 'अशक्तपणात बोलली असेल,' असं लिहायला पेन टेकवलं होतं. नाही लिहीत.